उष्ट्या दोऱ्याची गोष्ट

मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना धोटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपल्यापैकी बाकीच्यांना मात्र ते सांगायला हवे. कारण या लेखाचा सारा विषय त्या छोट्याशा लाकडी वस्तूत सामावलेला आहे.

साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभे धागे ताणलेले असतात आणि त्यांच्यामधून आडवा धागा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत असतो. हा आडवा धागा ज्याच्या पोटात बसून प्रवास करतो तो धोटा. आकाराने होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते आणि कुशीला एक बारीक भोक असते. त्या भोकातून सूत बाहेर येते. कांडीवरचे सूत काही मिनिटांत संपते. मग साचेवाल्याने रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची आणि नव्या सुताचे टोक भोकातून बाहेर घ्यायचे. जुन्या धोट्यांत ते टोक बाहेर घेण्याची रीत अशी होती, की भोकाला ओठ लावायचे आणि जोराने श्वास आत ओढायचा. श्वासाबरोबर दोरा तोंडात येई. दिवसातून किती वेळा हे करावे लागे याची गणती नाही. शिवाय धोटा काही एका माणसाच्या मालकीचा नसे. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे.

यात दिवाळी अंकात छापण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आहे ते एवढेच, की या उष्ट्या दोऱ्याने मुंबईतल्या हजारो माणसांना चांगल्या पगाराच्या कामापासून वर्षानुवर्षे दूर ठेवले. आणि त्यासाठी कोणाला एक ओळीचा नियमसुद्धा लिहावा लागला नाही.

साचेखाते आणि रिंग खाते

मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ साली कंपनी उभी राहिली आणि १८५६ साली ताडदेवला चाके फिरू लागली. पुढच्या पाऊणशे वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सारा भाग भोंग्यांच्या आवाजावर उठू-निजू लागला. माणसे कोकणातून येत, घाटावरून येत. आली की आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या जॉबरला गाठत. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. कामावर कोणाला लावायचे, बदलीवर कोणाला घ्यायचे, घरी कोणाला पाठवायचे, हे बहुतांशी त्याच्या हाती असे. साहजिकच जॉबर ज्या गावचा आणि ज्या जातीचा, तिथली माणसे त्याच्या खात्यात गोळा होत. ओळखीने ओळख लागत गेली, आणि पुढे पुढे खात्यांनाच जात चिकटली.

विणाई खाते हे गिरणीतले मानाचे खाते. साचेवाल्याला मजुरी कापडाच्या मापावर मिळे, आणि रिंग खात्यात सुताच्या चात्यांपुढे उभ्या राहणाऱ्या कामगारापेक्षा ती बरीच अधिक पडे. महार समाजातली आणि अस्पृश्य मानलेल्या इतर जातींतली माणसे गिरणीत हजारांनी होती. पण ती रिंग खात्यात, नाही तर झाडलोटीच्या आणि ओझ्याच्या कामावर. विणाई खात्याचे दार बहुतेक गिरण्यांत त्यांना बंद असे. कारण विचारले तर उत्तर तयार होते : धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो; त्यांनी ओठ लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा?

मौज अशी, की त्याच विणाई खात्यात मराठे होते, मुसलमान होते, तेलंगणातून आलेले पद्मशाली होते. त्यांना एकमेकांचे उष्टे चालत होते. न चालणारे उष्टे तेवढे एकच होते. आणि ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच समाजातली विदर्भातली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आलेली होती. म्हणजे विणकराची कला हातात, आणि विणाईचे दार बंद!

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला आणि दीड लाखाच्या घरात कामगार त्यात सामील झाले. संपकऱ्यांच्या मागण्यांची यादी चांगली लांब होती; पण विणाई खात्याचा हा प्रश्न तीत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी परळच्या चाळीत राहत होते आणि मुंबई विधिमंडळाचे सभासद होते. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या लोकांसह ओंजळीने प्यायले होते. संपाच्या पुढाऱ्यांना त्यांनी बजावले, की अस्पृश्य कामगारांना सर्व खाती मोकळी करा, ही मागणी यादीत आली नाही, तर या संपापासून दूर राहा असे मी त्यांना सांगेन. मागणी शेवटी यादीत आली, पण फारशा उत्साहाने नव्हे. ती मालकांच्या प्रतिनिधींपुढे गेली तेव्हा त्यांच्या बाजूने सांगण्यात आले, की हा अन्याय असला तर तो आमच्याकडून होत नाही.

हे उत्तर अगदीच खोटे नव्हते, हीच यातली खरी मेख आहे. मालकाने म्हणावे, कामगारच ऐकत नाहीत. कामगाराने म्हणावे, काय करणार, धोटाच तसा आहे. जॉबरने म्हणावे, मी आपला माझ्या ओळखीची माणसे लावतो. प्रत्येकाने आपले हात धुऊन घेतले, आणि माणूस मात्र दाराबाहेर उभा तो उभाच.

धोटा बदलता आला असता

धोट्याला ओठ लावण्याची ही रीत काही आपल्याकडची नव्हे. ती मागांबरोबर विलायतेहून आली. लँकाशायरमधल्या विणकर बायकांनाही असाच दोरा ओढावा लागे, आणि तिकडे त्याला ‘धोट्याचे चुंबन’ असे थट्टेचे नाव पडले होते. पुढे डॉक्टरांनी ओरड सुरू केली. कापसाची भुकटी छातीत जाते, दात किडतात, एकाचा क्षय दुसऱ्याला होण्याची भीती असते, असे ते सांगू लागले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ही रीत बंद केली. त्याच्याही आधी, १८९४ च्या सुमारास, त्याच राज्यातल्या होपडेल गावच्या ड्रेपर कंपनीने जेम्स नॉर्थ्रप यांचा स्वयंचलित माग बाजारात आणला होता. त्याच्या धोट्यात दोरा आपोआप ओवला जाई. ज्यांना नवा माग परवडत नव्हता, त्यांच्यासाठी हाताने दोरा ओवण्याचे धोटे निघाले होते.

म्हणजे परळमध्ये ज्या अडचणीपुढे सगळ्यांनी हात टेकले होते, ती अडचण समुद्रापलीकडे कधीच सुटलेली होती. ती सोडवण्यासाठी कोणाच्याही मनातली जात आधी जायला हवी होती असे नाही. धोटा बदलला असता तर निदान सबब तरी संपली असती. पण लँकाशायरमध्येसुद्धा ही रीत कायद्याने बंद व्हायला १९५२ साल उजाडले, आणि आपल्याकडे तर तिच्या आडोशाला एक जुनी सोय सुखाने बसलेली होती. ती कोण हलवणार?

अशा सोयी एकट्या गिरणीतच होत्या असे समजू नये. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. तेथे बोलताना डॉ. आंबेडकरांनी रेल्वेतल्या एका चमत्कारिक गोष्टीकडे बोट दाखवले. अस्पृश्य कामगार रुळांवरच्या टोळीत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते. स्टेशनमास्तर सवर्ण, त्याच्या घरात या माणसाचा हात कसा चालणार! पाहा, पोर्टरचे काम गाडीचे, सामानाचे. पण त्याला न लिहिलेले घरकाम जोडले गेले आणि त्या घरकामाने एका समाजाची बढती अडवली.

पाळण्याचा हिशेब

स्त्रियांच्या वाट्याला आलेला धोटा निराळ्या लाकडाचा होता. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री असे. सुताच्या लडी करणे, कांड्या भरणे, ही कामे बहुतेक त्यांच्याकडे. पुढे त्यांच्या रक्षणाचे कायदे झाले. रात्रीच्या कामाला बंदी आली; १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे चांगले होते आणि हवेच होते. पण रात्रपाळी वाढली, नवी यंत्रे आली, आणि मालकाच्या वहीत बाई ही अधिक खर्चाची बाब ठरली. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांची संख्या उतरत गेली.

पाळणाघराचेच उदाहरण घ्या. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती केली, पण ती कारखान्यातल्या स्त्रियांच्या संख्येवर. आधी ही मर्यादा पन्नासांची होती, १९७६ पासून तिसांची झाली. हेतू किती चांगला! पण हिशेबी मनाने त्यातून काय वाचावे? बायका कमी घेतल्या की पाळणाघराची कटकट नाही. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ही मोजणी बदलली. पन्नास किंवा अधिक नोकर, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, जिथे असतील तिथे पाळणाघर हवे. मूल काही एकट्या आईचे नसते, हे कायद्याला समजायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली! त्याच दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मात्र जिथे राज्य विमा योजना लागू नाही तिथे तिचा सारा भार मालकावरच राहिला. म्हणजे एक गाठ सुटली आणि दुसरी तशीच राहिली.

१९७४ सालची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे; तरी ती इथे सांगायला हवी. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. खाली स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी सूचना होती. तिने सरळ जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले. टाटांच्या घराण्याने देशात एवढे उद्योग उभे केले आणि त्यांच्याच कंपनीने स्त्री-पुरुष असा भेद करावा, याचे आश्चर्य वाटते, असा त्यातला आशय होता. थोड्याच दिवसांत पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले. कारखान्यात आजवर स्त्रिया कधी घेतलेल्या नाहीत, असे तिथे तिला सांगण्यात आले. पण नोकरीही मिळाली. पुढे सुधा मूर्ती या नावाने आपण सर्वजण त्यांना ओळखू लागलो.

या गोष्टीतले धाडस आपण मुलींना नेहमी सांगतो. पण जाहिरात लिहिणारा कोणी दुष्ट होता असे समजायचे कारण नाही. ‘आजवर नाहीत’ म्हणून ‘यापुढेही नकोत’, एवढेच त्याचे तर्कशास्त्र. ते मोडायला इथे एक पोस्टकार्ड पुरले. पण प्रत्येकीजवळ पोस्टकार्ड लिहिण्याची हिंमत असेल आणि ते वाचणारा धनी असेल, यावर कारभार चालवता येत नाही. टेल्कोचे नाव पुढे टाटा मोटर्स झाले, आणि त्याच पुण्यात या कंपनीने मोटारींची एक अख्खी जुळणी स्त्रियांच्या हाती सोपवल्याच्या बातम्या २०२३ च्या सुमारास आपण वाचल्या. एका पोस्टकार्डापासून तिथवर यायला जवळजवळ अर्धे शतक गेले.

गिरणीच्या जागी कचेरी

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत शेवटचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव हळूहळू मिटत गेले. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावे राहिली. साच्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या, दुकाने आणि उपाहारगृहे आली. त्या आणि तशा काचेच्या इमारतींत आज बड्या कंपन्यांतून एक नवे खाते दिसते. त्याचे नाव ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन’. आपल्या भाषेत त्याला विविधता आणि समावेशन म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर, निरनिराळ्या तऱ्हेची माणसे घ्या, आणि घेतलेल्यांना परके वाटू देऊ नका. त्यासाठी अधिकारी नेमलेले असतात, व्याख्याने होतात, मार्चमध्ये महिला दिनाला गुलाबाची फुले वाटली जातात.

हे सारे थोतांड आहे असे म्हणून हसण्याची आपल्याकडे रीत आहे. हसण्याआधी एक पाहणी पाहू. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी ती २००७ साली प्रसिद्ध केली. खासगी कंपन्यांच्या जाहिराती पाहून त्यांनी सहासष्ट आठवडे अर्ज पाठवले. जाहिराती ५४८ आणि अर्ज ४,८०८. अर्जांतले शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावांचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. मुलाखतीला बोलावणे येण्याची शक्यता पाहिली, तर उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला ती सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश भरली. माणूस दिसलेला नाही, बोललेला नाही. नुसते नाव वाचून अर्ज बाजूला पडलेला!

आणि जॉबर तरी कुठे गेला आहे? आज त्याला ‘रेफरल’ म्हणतात. कंपनीत जागा निघाली की नोकरांना सांगायचे, तुमच्या ओळखीचे कोणी चांगले असेल तर सुचवा. लागला तर तुम्हाला बक्षीस. यात गैर काय, असे वाटते. माणूस खात्रीचा मिळतो, जाहिरातीचा खर्च वाचतो. पण आपल्या ओळखीचे लोक म्हणजे कोण? आपल्या कॉलेजातले, आपल्या वसाहतीतले, बऱ्याचदा आपल्याच जातीतले. लालबागच्या जॉबरने हेच केले होते. त्याच्याही मनात कोणाला वगळायचे असेलच असे नाही. त्याला फक्त आपल्यांना घ्यायचे होते.

पात्रतेचा प्रश्न

इथे सुशिक्षित घरांत एक शंका हमखास निघते, आणि ती मोकळेपणाने मांडलेलीच बरी. कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. तिथे पात्रता पाहायची की जात, लिंग, अपंगत्व पाहायचे? आमच्या मुलाने रात्रीचा दिवस करून गुण मिळवले, त्याने काय करायचे?

शंका रास्त आहे. पात्रता पाहायलाच हवी. प्रश्न एवढाच, की ती पाहू देणारी व्यवस्था आपल्याकडे आहे का. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांचे उदाहरण इथे बोलके आहे. १९७० साली तिथल्या पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी होते. परीक्षक म्हणत, आम्ही फक्त वादन ऐकतो. मग निवडीच्या वेळी परीक्षक आणि वादक यांच्यामध्ये पडदा टाकण्याची चाल पसरली. काही ठिकाणी पायरवावरूनही ओळख पटू नये म्हणून गालिचा अंथरला जाई. नव्वदीच्या दशकात हेच प्रमाण शेकडा पंचविसांच्या आसपास आले. त्याला पडद्याखेरीज दुसरीही कारणे होती. संगीत शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींची संख्याही वाढली होती. पण पडदा पडल्यावर परीक्षकांना प्रथमच खरोखर फक्त वादन ऐकावे लागले, हे नाकारता येत नाही. पडद्याने कोणाला सवलत दिली नाही. पडद्याने परीक्षेला परीक्षा बनवले.

आपल्या शेजारची उदाहरणेही आहेत. औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. वसाहतीत शिवाशीव पाळू दिली नाही, आणि तुरुंग भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर चोर म्हणून शिक्का बसलेला, त्यांच्याच हाती तिजोरीची राखण! ‘आजवर कोणी केले नाही’ या तर्काला त्यांनी जुमानले नाही, आणि कारखाना बुडाला नाही, वाढला. पुढे १९८० नंतर होसूरला टायटनचा घड्याळांचा कारखाना निघाला. तिथे सुरुवातीच्या काळापासून अपंग कामगार घेण्यात आले. घड्याळाच्या बारीक कामाला नजर आणि बोटे लागतात. पाय अधू असल्याने काय अडते? मुंबईत मिरॅकल कुरियर्स या छोट्या संस्थेने २००९ च्या सुमारास टपाल पोचवण्याच्या कामावर कर्णबधिर तरुण नेमले. पत्ता वाचायचा, पाकीट द्यायचे, सही घ्यायची. यात ऐकण्या-बोलण्याचे काम मुळी थोडेच. इतकी वर्षे आपण ते काम ‘बोलक्या’ माणसाचे मानले, ते केवळ सवयीने.

या सर्व ठिकाणी काय केले गेले ते पाहा. कोणाची कीव केली नाही. कामातले खरे काम कोणते आणि नुसती सवय कोणती, हे वेगळे काढून पाहिले. सवय बाजूला केली आणि कामाला योग्य माणूस मिळाला. कंपन्यांतल्या त्या नव्या खात्याला काही अर्थ असेल तर तो हाच आहे. किती बायका आणि किती अपंग घेतले याचे आकडे वार्षिक अहवालात छापणे सोपे असते. आपल्या कारखान्यातला धोटा शोधून काढणे अवघड. बससमोर अंधारात उभे राहावे लागते म्हणून संध्याकाळची पाळी सोडणारी मुलगी, तीन पायऱ्यांमुळे मुलाखतीला पोचू न शकणारा चाकांच्या खुर्चीतला उमेदवार, इंग्रजी अडखळते म्हणून बैठकीत गप्प बसणारा तालुक्याच्या गावचा हुशार इंजिनिअर. या तिघांच्या वाटेत कोणी माणूस उभा नाही. बसची वेळ, पायऱ्या आणि बैठकीची भाषा एवढेच आडवे आहे. आणि या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

कंपनीच्या दाराबाहेर

आत घेतले म्हणजे काम संपले असेही नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेल्या एका तरुणाला आपली जात लपवावी लागते. नोकरी आहे, पगार आहे, सोबती आहेत. पण खरे नाव-गाव उघड झाले की सारे कोसळेल ही भीती छातीवर बसलेली. अशा माणसाला कंपनीने आत घेतले खरे, पण त्याच्यातल्या अर्ध्या माणसालाच घेतले. उरलेला अर्धा लपण्याच्या कामात गुंतलेला. आजही कोणी आडनाव सांगताना अडखळतो, कोणी डब्यात काय आहे ते झाकून जेवतो, कोणी आपण कोणाबरोबर घर करून राहतो ते सांगत नाही.

२०१७ साली केरळात कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा तिने वीसेक तृतीयपंथी व्यक्तींना एकदम नोकरीत घेतले. देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण थोड्याच दिवसांत बातमी आली, की त्यांच्यापैकी आठजणांनी काम सोडले. काम झेपत नव्हते असे नाही. शहरात त्यांना भाड्याने खोली द्यायला कोणी तयार नव्हते. आणि पगारातून लॉजचे रोजचे भाडे परवडत नव्हते.

ही बातमी आपण थोडी थांबून वाचायला हवी. कंपनीने दार उघडले होते. बंद दारे होती ती घरमालकांची, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांची. सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूचे आडनाव विचारणारे आपणच. एकट्या राहणाऱ्या मुलीला जागा नको म्हणणारे आपणच. धुणे-भांडी करणाऱ्या बाईंसाठी ओट्याच्या कोपऱ्यात वेगळी कपबशी ठेवणारेही आपल्यातलेच; आणि कारण विचारले तर आपले उत्तरही तयार असते : तसे काही नाही हो, आपली सवय! विणाई खात्यातल्या साचेवाल्याचे उत्तर याहून वेगळे नव्हते.

मुंबई-पुण्याच्या, बंगळूर-हैदराबादच्या कंपन्यांतून नोकरी करणारी मुले-मुली या चार दिवसांत घरोघर आलेली असतात. फराळाच्या ताटाभोवती पगाराची, बढतीची, परदेशी जाण्याची चौकशी होतेच, ती व्हावी. तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : तुमच्या कचेरीत दुपारच्या सुट्टीत एकटे कोण जेवते? मुलाला बहुधा लगेच एक चेहरा आठवेल. तो एकटा का जेवतो, हे त्याने सुट्टी संपल्यावर परत जाऊन पाहावे. आणि तोपर्यंत आपणही आपल्या ओट्यावरची ती वेगळी कपबशी बाकीच्या कपबशांत मिसळून ठेवायला हरकत नाही.